मामांच्या हत्यारांची पिशवी : सोलापुरातल्या एका बेपत्ता माणसाच्या शोधाची केस

गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवतोय, कारण तेंव्हा आम्ही रात्ररात्र मोबाईलवर डिटेक्टिव्ह शोधायचो आणि जाहिरातींशिवाय काहीच हाती लागायचं नाही. नावं कुणाचीच देत नाही, ना घरच्यांची ना डिटेक्टिव्हची. बाकी सगळं जसं घडलं तसं, पैशाच्या हिशोबासकट. मामांना विचारून लिहितोय, ते म्हणले "लिही की, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, वय 58, धंद्यानं जॉबर. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री, माग बिघडला, ताणा तुटायला लागला, डिझाईन नीट उठेना की विणकर ह्यालाच हाक मारणार. मामा जॅकार्डवाले. चादरीवर मोर, फुलं दिसतात ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून उठतात, ते सगळं त्यांच्या हाताखाली. पूर्व भागातल्या एकाच कारखान्यात 31 वर्षं काढली त्यांनी. 2024 च्या मे महिन्यात मालकानं कारखाना बंद केला आणि माग भंगारात दिले. गॅस कटरनं माग तोडत होते तेंव्हा मामा दोन दिवस तिथं जाऊन बसले होते, जेवायला पण घरी आले नाहीत. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही कुणीच ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर गणवेश शिवणाऱ्या एका युनिटवर रात्रीचे वॉचमन म्हणून राहिले, दोन महिन्यांत सोडलं. मामी विड्या वळतात. मामेभाऊ 26 वर्षांचा, मोबाईल शॉपीत कामाला, वर्षभरापूर्वी लग्न झालेलं. घर दोन खोल्यांचं.

27 जानेवारी 2025, सोमवार. पहाटे साडेपाचला मामा उठले, अंघोळ केली, मामीला म्हणले जरा फिरून येतो. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून चालू होता त्यामुळं मामीला वाटलं तिकडून सिद्धेश्वराला जाऊन येतील. दुपार झाली तरी आले नाहीत. मोबाईल घरीच चार्जिंगला लावलेला होता. मामी तांदळाच्या डब्यात पैसे ठेवतात, त्यातले 2,200 रुपये नव्हते, पण हे मामींनी आम्हाला सांगितलं नाही, का सांगितलं नाही ते पुढं येईल.

त्या रात्री मामेभाऊ पोलीस स्टेशनला गेला तर तिथं त्याला "24 तास वाट बघा, मोठा माणूस आहे, येईल" असं सांगून परत पाठवलं. तो आला आणि आम्ही पण ते खरं मानलं. असा कुठलाही कायदा नाही, हे लक्षात ठेवा. माणूस बेपत्ता झाला की त्याच क्षणी मिसिंगची नोंद करता येते. आणि हरवलेलं माणूस 18 वर्षांच्या आतलं असेल तर नुसती मिसिंग पण चालत नाही, अपहरणाचा गुन्हाच दाखल करावा लागतो, सुप्रीम कोर्टानं 2013 सालीच तसं सांगितलंय. आम्हाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मग आम्ही काय केलं, तर सोलापूरचं कुठलंही घर जे करेल तेच केलं. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर. दोन दिवस, दोन मोटरसायकली. भक्तनिवास, मठ, अन्नछत्राची लाईन, चंद्रभागेचं वाळवंट, प्रत्येक ठिकाणी फोटो दाखवत फिरलो. आई घरी बसून आमच्या फोनची वाट बघायची आणि प्रत्येक फोनला आम्ही "अजून नाही" म्हणायचो.

30 तारखेला मिसिंग नोंद झाली. अलीकडचा फोटो, उंची, अंगावरचे कपडे, डाव्या हाताच्या अंगठ्यावर जुनी जखम, सगळं लिहून घेतलं. नोंदीचा नंबर मागून घ्या, त्याची कॉपी घ्या, पुढं प्रत्येक ठिकाणी तोच नंबर लागतो. तपासाला जे हवालदार होते ते माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांच्याकडं आमच्यासारख्या आणखी कितीतरी केसेस होत्या आणि सज्ञान माणूस स्वतःच्या पायानं घराबाहेर गेला, घातपाताचा संशय नाही, म्हणल्यावर ती फाईल ढिगाऱ्यात खालीच जाणार. त्यांनी फोटो सगळीकडं पाठवला, मोबाईलचे कॉल तपासले, सिव्हिलला चौकशी केली. त्यापुढं काही हलत नव्हतं. आम्ही पेपरात "हरवले आहेत" ची जाहिरात दिली 4,500 रुपयांची, 1,800 रुपयांची पत्रकं छापून स्टँड, स्टेशन, मार्केट यार्ड सगळीकडं चिकटवली. ती पत्रकं बघून जे फोन आले त्यातले निम्मे पैसे मागणारे होते.

पहिला डिटेक्टिव्ह

8 फेब्रुवारीला मामेभावाला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. "100 टक्के गॅरंटी, फक्त आधार नंबर द्या, 72 तासात लाईव्ह लोकेशन." दुसऱ्या राज्यातली एजन्सी, फोनवर बोलणारा माणूस इतका आदबीनं बोलायचा की मामी त्याला "साहेब" म्हणायला लागल्या. सरकारमान्य असल्याचं सर्टिफिकेट पण पाठवलं त्यानं. मी टॅक्स कन्सल्टंटकडं कामाला आहे, ते सर्टिफिकेट बघितल्या बघितल्या मला ओळखायला पाहिजे होतं, कारण ते उद्यम रजिस्ट्रेशन होतं, म्हणजे छोट्या धंद्याची साधी नोंदणी, जी फुकट निघते आणि मी स्वतः किराणा दुकानदारांना, शिलाईवाल्यांना रोज काढून देतो. ओळखलं नाही. तेंव्हा डोकंच जाग्यावर नव्हतं, दोन आठवडे कुणी नीट झोपलेलं नव्हतं. 30,000 रुपये यूपीआयनं गेले.

12 तारखेला पीडीएफ आली. नकाशावर लाल टिकली, सिकंदराबादमधला पत्ता, खाली कसलासा शिक्का. आणखी 45,000 दिले की आमचा माणूस त्यांना ताब्यात घेऊन थांबेल, असा मेसेज. पैसे न देता मी आणि मामेभाऊ रात्रीच्या गाडीनं निघालो. त्या पत्त्यावर एक फंक्शन हॉल होता, बंद, गेटला कुलूप. आजूबाजूला दिवसभर फोटो दाखवत फिरलो. गाडीत येताना मामेभाऊ खिडकीकडं तोंड करून रडत होता, मी त्याला काही बोललो नाही. त्या फेरीचा खर्च 6,800. आल्यावर 1930 वर सायबरची तक्रार केली, पैसे आले नाहीत, तोवर अकाउंट रिकामं झालेलं होतं.

आता जे कळलंय ते सांगतो. आपल्या देशात खासगी डिटेक्टिव्हला लायसन्स देणारा कायदाच नाही. 2007 साली राज्यसभेत तसं बिल आलं होतं, ते पास झालं नाही. 2005 चा जो कायदा आहे तो सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आहे, डिटेक्टिव्हसाठी नाही. म्हणजे "सरकारमान्य डिटेक्टिव्ह" असं कुणी म्हणलं की तिथंच फोन ठेवायचा. दुसरं, आधारवरून लोकेशन निघत नाही, त्यात तशी सोयच नाही. आधारची माहिती खासगी माणसाला कुणी देत पण नाही. तिसरं, कुणाच्या मोबाईलचे कॉल रेकॉर्ड किंवा टॉवर लोकेशन पोलिसांनाच मिळतं, ते पण वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीनं. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असे कॉल रेकॉर्ड चोरून विकणारी टोळी पकडली तेंव्हा खासगी डिटेक्टिव्ह सुद्धा अटकेत गेले होते. म्हणजे जो तुम्हाला हे काढून देतो म्हणतो तो एकतर खोटं बोलतोय नाहीतर गुन्हा करतोय, आणि गुन्हा करत असेल तर तुमच्या पैशानं करतोय.

दुसऱ्या मॅडम

आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांनी पुण्यातल्या एका डिटेक्टिव्ह बाईंचा नंबर दिला. मोठी एजन्सी नाही, त्या आणि दोन मुलं. वीसेक वर्षं हेच काम. 24 फेब्रुवारीला मी आणि मामेभाऊ सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो.

मॅडमनी पाणी दिलं आणि सगळ्यात आधी आमचंच आधार कार्ड मागितलं. मग मिसिंगची कॉपी. मग मामेभावाचा शाळेचा दाखला, कारण त्यावर वडिलांचं नाव असतं. मामेभाऊ जरा चिडला. तर म्हणल्या, "तुम्ही मुलगाच आहात हे मला कसं कळायचं? त्यांच्या मागं कुणी वसुलीवाला असेल आणि तोच मुलगा म्हणून इथं बसला असेल तर?" तोपर्यंत आम्हाला मामांच्या डोक्यावर कर्ज आहे हे माहीत पण नव्हतं.

दोन पानी करार झाला. पहिला टप्पा 20,000, त्यात जिवंत आहेत की नाही आणि असतील तर कुठल्या बाजूला गेले असावेत एवढं काम. दुसरा टप्पा 25,000, प्रत्यक्ष फिरून शोध. गाडीभाडं, लॉज वेगळं, बिलं दाखवून. दर तिसऱ्या दिवशी काय केलं ते लिहून पाठवणार. गॅरंटी नाही, करारात तसं स्पष्ट लिहिलेलं. कॉल रेकॉर्ड, बँक, आधार ह्यातलं काही करणार नाही, तेही लिहिलेलं. आणि एक अट अशी होती जिच्यावरून मामेभाऊ खुर्चीवरून उठलाच. माणूस सापडला, शुद्धीवर असला, कुणाच्या दबावाखाली नसला, तर आधी त्याला विचारणार, तो हो म्हणला तरच पत्ता देणार. नाही म्हणला तर फक्त सुखरूप आहे एवढंच सांगणार.

"पैसे आम्ही द्यायचे आणि पत्ता आम्हालाच नाही?"

मॅडमनी आवाज पण चढवला नाही. म्हणल्या, "माझ्याकडं बाप येतात पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीला शोधायला. नवरे येतात मार खाऊन निघून गेलेल्या बायकोला शोधायला. सगळे रडतात, सगळे खरेच वाटतात. मी तुमच्यासाठी ही अट काढली तर त्यांच्यासाठी पण काढावी लागेल." मी सही केली. मामेभाऊ बाहेर जाऊन उभा राहिला, मग आत येऊन त्यानं पण केली. आज मला वाटतं ह्या एका अटीमुळंच मामा सापडले म्हणजे खऱ्या अर्थानं सापडले, पण तेंव्हा माझ्या पण पोटात खड्डा पडला होता.

27 तारखेला मॅडम सोलापूरला आल्या. घरात सगळे जमलेले, शेजारचे पण. त्यांनी चहा घेतला आणि मग म्हणल्या मला ताईंशी एकटीशी बोलायचंय. मामींना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं. दीड तास. आत विड्यांचं सूप, पानं कापायची कात्री, मामी वळत होत्या आणि बोलत होत्या म्हणे, हात चालू असला की त्यांना बोलता येतं.

जे बाहेर आलं ते असं. कारखाना बंद झाल्यावर मामांनी पोराच्या लग्नाचं देणं फेडायला एका खासगी सावकाराकडून 1,40,000 घेतले होते, महिना 10 टक्क्यांनी. त्याचा नंबर मोबाईलमध्ये "बँक" नावानं सेव्ह होता. आम्ही सगळ्यांनी तो मोबाईल दहा वेळा बघितला होता, "बँक" चे 14 मिसकॉल दिसत होते, आम्हाला वाटलं लोन पाहिजे का म्हणून येणारे कॉल असतील. आणि 26 जानेवारीला दुपारी जेवताना मामेभावानं सुनेसमोर बापाला म्हणलं होतं, "बसून खाणं एवढंच राहिलंय तुम्हाला." मामी एक महिना हे पोटात धरून होत्या कारण सांगितलं तर पोराच्या अंगावर येईल. तांदळाच्या डब्यातले पैसे पण त्यामुळंच सांगितले नव्हते, नवरा चोरून पैसे घेऊन गेला असं लोक म्हणतील म्हणून.

मामेभावाला मी दोष देत नाही. तो सकाळी नऊ ते रात्री दहा दुकानात उभा असतो 13,000 रुपयांवर. पण घरच्यांनी लपवलेल्या ह्या दोन गोष्टींनी पूर्ण महिना खाल्ला, हे खरं आहे.

मग मॅडमनी मामांच्या वस्तू बघायला मागितल्या. ट्रंक, कपडे, देवाचा कोनाडा. आणि विचारलं, "त्यांची कामाची हत्यारं कुठं असतात?" मामी म्हणल्या माळ्यावर, खाकी पिशवीत, कारखाना बंद झाल्यापासून तिथंच आहेत. मी शिडी लावून वर चढलो. पिशवी नव्हती. धुळीत तिचा चौकोन तेवढा स्वच्छ दिसत होता.

पाने, पक्कड, कात्री, हार्नेसची दोरी ओढायची आकडी, सगळं घेऊन गेले होते मामा, आणि आम्ही महिनाभर विहिरी, तलाव, देवळं बघत होतो. मॅडम म्हणल्या, "घरचे लोक विचार करतात माणूस कुठं जाईल, म्हणजे देव आणि पाव्हणे. मी बघते तो पोट कशावर भरेल." जीव द्यायला निघालेला माणूस पाने घेऊन जात नाही, असं मला लगेच वाटलं आणि मी तसं बोललो पण. त्या म्हणल्या ते आत्ताच धरून चालायचं नाही, आधी बाकीचं खोटं पाडून घेऊ.

म्हणून पुढचे सहा दिवस ते काम. ते दिवस मी विसरणार नाही. 27 जानेवारीनंतर जी बेवारस प्रेतं सापडली त्यांची अकस्मात मृत्यूची नोंद त्या त्या पोलीस स्टेशनला असते, फोटो असतात, मिसिंगचा नंबर दाखवून नातेवाईकाला बघायला मिळतात. रेल्वेच्या हद्दीतलं लोहमार्ग पोलिसांकडं वेगळं असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं, शहर पोलिसांकडं विचारून आम्ही समाधान करून घेतलं होतं. मॅडमनी यादी करून दिली आणि मी आणि त्यांच्याकडचा एक मुलगा फिरलो. सिव्हिलचं शवागार, होटगी, कुर्डुवाडी, दौंड, वाडी. कंबर तलाव आणि हिप्परग्याच्या हद्दीतली पोलीस स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी अल्बम नाहीतर मोबाईल पुढं करणार आणि आपण बघायचं. साठीच्या आसपासची कितीतरी माणसं. प्रत्येकाच्या डाव्या अंगठ्याकडं बघायचो मी. त्यांची पण कुणीतरी कुठंतरी वाट बघत असणार.

त्याचबरोबर मनोरुग्णालयं आणि निवारा केंद्रं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे की रस्त्यावर भरकटलेला मनोरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे, अशा रस्त्यावरच्या रुग्णांना बरं करून घरी पोचवते, त्याच कामासाठी त्यांना 2018 ला मॅगसेसे मिळालं. तिथं पण फोटो पाठवला. ज्यांच्या घरातलं माणूस विसरभोळेपणामुळं किंवा आजारामुळं गेलंय त्यांनी हा रस्ता पहिला धरा, आणि माणूस वयस्कर असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे. आमच्या केसमध्ये सगळीकडून "नाही" आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा "नाही" ऐकून बरं वाटत होतं.

"का बे" म्हणणारा मिस्त्री

5 मार्चला पहिल्या टप्प्याचा रिपोर्ट आला, चार पानं. शेवटी लिहिलेलं, हत्यारं नेली आहेत, मोबाईल मुद्दाम ठेवलाय, पैसे एसटीच्या भाड्यापुरते आणि चार दिवस जेवणापुरते, म्हणजे काम मिळेल अशा ठिकाणी आणि सावकाराची माणसं सहज पोचणार नाहीत अशा ठिकाणी गेले असावेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, विटा. भिवंडीत सोलापूरची माणसं खूप, बातमी लगेच परत आली असती, म्हणून ती शेवटी. मामींना आठवलं की मामांच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा सात-आठ वर्षांपूर्वी इचलकरंजीला गेला होता. नंबर कुणाकडं नाही, फक्त कुठल्या गल्लीत राहायचा तेवढं.

7 तारखेला मॅडम इचलकरंजीला गेल्या. कारखान्यात शिरल्याच नाहीत. मागाच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि चहाच्या टपऱ्यांवर बसल्या. जॉबर पिकरला, पट्ट्याला, स्प्रिंगला दुकानात आल्याशिवाय राहत नाही, कारखानदारापेक्षा जॉबर कोण कुठं आहे हे दुकानदाराला जास्त माहीत असतं. दुसऱ्या दिवशी तो पोरगा सापडला. आधी नाही म्हणला. मग कबूल केलं, गुरुजी आले होते, चार रात्री राहिले, पण इथं सोलापूरचे दोघं ओळखीचे भेटले म्हणून निघून गेले. कुठं ते खरंच माहीत नाही, विट्याच्या बाजूला जुना जॅकार्ड दुरुस्त करणारा पाहिजे असं कुणीतरी म्हणत होतं.

विट्यात एका टपरीवाल्यानं फोटो न बघताच विचारलं, "तो प्रत्येकाला 'का बे' म्हणतो तो मिस्त्री का?"

आपल्याला इथं जाणवत पण नाही आपण दिवसातून किती वेळा "बे" म्हणतो. सांगली जिल्ह्यात त्या एका शब्दावरून मामा ओळखले गेले. 11 मार्च, घर सोडून 43 दिवस.

मॅडम त्यांना टपरीवर भेटल्या. मामांनी पहिलं विचारलं, "सावकारानं पाठवलंय का?" मामींनी ह्याच्यासाठीच एक निरोप देऊन ठेवला होता. लग्नानंतरच्या वर्षी मामांनी मामीसाठी एक चादर काढली होती, त्यात पुठ्ठे उलटे लागले आणि मोराचं तोंड भलतीकडं गेलं. ही गोष्ट दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती, मला पण नाही. मॅडमनी सांगितलं, उलट्या मोराची चादर ताई अजून पांघरतात. मामा मग बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे, चहा गार झाला.

ते घरी यायला तयार नव्हते. पत्ता द्यायला पण नाही. एका कारखानदाराकडं जुने माग दुरुस्त करत होते, तिथंच वर खोली, आठवड्याला पगार. म्हणले मी पळालो नाही, कामाला आलोय, देणं फिटलं की बघू. मॅडमनी एकच गोष्ट समजावली, मिसिंग उघडी आहे, पोलीस आणि घरचे अजून प्रेतं बघत फिरतायत, पोलिसांकडं जाऊन जबाब द्या की मी माझ्या मर्जीनं आलोय. ते ऐकून मामा लगेच उठले म्हणे. जबाब झाला, तो सोलापूरला आला, हवालदारांनी स्वतः मामींना फोन करून सांगितलं. पत्ता त्यांनी पण दिला नाही, सज्ञान माणूस नको म्हणतोय म्हणल्यावर त्यांना देता येत नाही.

आणि मॅडमच्या फोनवरून एक व्हॉइस मेसेज आला, 40 सेकंदांचा. मामींसाठी होता म्हणून इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की पोराचं नाव त्यात होतं आणि रागानं नव्हतं.

हिशोब. मॅडमच्या दोन टप्प्यांचे 45,000 आणि प्रवासखर्च 11,400, म्हणजे 56,400. पहिल्या माणसाला गेलेले 30,000. सिकंदराबाद 6,800. जाहिरात आणि पत्रकं 6,300. एकूण 99,500. आईनं दोन बांगड्या मोडल्या, 20,000 माझ्या साहेबांनी बिनव्याजी दिले, राहिलेले मी आणि मामेभावानं भरले.

सावकाराचं काय झालं, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं करता येते. त्याच वकिलांनी अर्ज लिहून दिला, मामींनी स्वतः सही केली, मोबाईलमधले "बँक" चे मेसेज जोडले. अर्ज दिल्याचं कळल्यावर सावकाराची घरी येणारी माणसं यायची थांबली, चौकशी अजून चालू आहे.

पत्ता नसल्यामुळं मामींनी काय केलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि मामांचा स्वेटर एका खोक्यात बांधला आणि पुण्याला मॅडमच्या ऑफिसला पाठवला, पुढं पोचवा म्हणून. मॅडमनी पोचवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. दर महिन्याला एक खोकं जायचं. जूनमध्ये चौथं खोकं पाठवायच्या आधी मामांचाच फोन आला, कारखानदाराच्या मोबाईलवरून. मामेभावानं उचलला. दोघं मिनिटभर चटणीबद्दलच बोलले, तिखट जास्त झालीय म्हणून. मग मामा म्हणले, लिहून घे, आणि मामेभावानं मामींच्या विडीच्या कार्डाच्या मागं विट्याचा पत्ता लिहून घेतला.